दुसऱ्या जन्माचा सव्वा महिना

आजचं वाचन : महाभारत, आश्वमेधिक पर्व, अनुगीतेची सुरुवात



गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन सांगतो की त्याचा मोह गेला, स्मृती परत आली, आता शंका उरली नाही. वाचताना आपल्यालाही हायसं वाटतं. प्रश्न सुटला, पुस्तक मिटायला हरकत नाही. पण महाभारत तिथे थांबत नाही. पुढे युद्ध होतं, पांडव जिंकतात, राज्य मिळतं. आणि मग इंद्रप्रस्थाच्या सभेत निवांत बसलेले असताना तोच अर्जुन कृष्णाला म्हणतो की युद्धाच्या वेळी तू मला जे सांगितलंस ते सगळं माझ्या मनातून निसटलं. तू आता द्वारकेला निघशील, त्याआधी पुन्हा सांग.

अनुगीता इथून सुरू होते. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा धक्काच बसला होता. गीता विसरला? ज्याच्यासाठी ती सांगितली तोच?

थोडा हिशेब करू. भीष्म दहाव्या दिवशी पडले, आणि शरशय्येवर आपल्या अठ्ठावन्न रात्री गेल्या असं ते स्वतः सांगतात. युद्ध अठरा दिवसांचं. म्हणजे भीष्मांनी देह ठेवला तेव्हा युद्ध संपून सुमारे पन्नास दिवस झाले होते, आणि अनुगीता त्यानंतरची. अर्जुनाची जखम भरली असेल, गांडीव जागेवर टांगलं असेल, लोक विजयाचं अभिनंदन करून आपापल्या घरी गेले असतील. अशा वेळी त्याच्या लक्षात येतं की आतलं काहीतरी हरवलंय.

हे वाचताना मला दर वेळी आयसीयूतून घरी आलेली माणसं आठवतात. आज त्यांच्याबद्दल आणि त्यांच्या घरच्यांबद्दल लिहितोय. विषय जरा जड आहे, पण आपल्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी हे येतं, आणि त्या वेळी नेमकं काय करायचं हे कोणी शिकवलेलं नसतं.

माझ्या मामांचं उदाहरण सांगतो. वय ५६, घरात वारीची परंपरा, हरिपाठ तोंडपाठ. न्यूमोनिया झाला, संसर्ग रक्तात पसरला, आणि ११ दिवस ते व्हेंटिलेटरवर होते. त्या दिवसांत काय धावपळ होती! चुलतभाऊ रात्री बाकड्यावर झोपायचे, कोणी रक्तासाठी माणसं जमवली, कोणी मेडिक्लेमचं बघितलं, व्हॉट्सॲप ग्रुपवर दर तासाला मेसेज, तीन घरांत अखंड नामजप. मामा वाचले. घरी आले तेव्हा दारात ओवाळलं, पेढे वाटले, आठवड्याभरात सत्यनारायण झाला. जो तो म्हणत होता, 'दुसरा जन्म झाला बघा.'

तीन महिन्यांनी तो ग्रुप गुड मॉर्निंगच्या फुलांपुरता उरला होता. आणि मामा जिना चढताना मध्येच बसत होते. बँकेचा साधा फॉर्म भरताना गोंधळत होते. रात्री झोप नाही. संध्याकाळी हरिपाठाला बसले की अर्ध्यावर शब्द हरवायचे, मग टाळ खाली ठेवून गप्प व्हायचे. एकदा मामींना म्हणाले, 'माझ्याकडून काय चुकलं असेल गं, नामच काढून घेतलं त्याने.'

यावर भेटायला आलेल्या मंडळींचं उत्तर ठरलेलं. देवाने वाचवलं ना, मग आता रडायचं कशाला? किती जण परत येतात त्या दारातून?

बोलणारे वाईट नव्हते. मायेनेच बोलत होते. पण या वाक्याने घरात काय होतं ते मी बघितलंय. त्यानंतर मामा कोणाशी त्याबद्दल बोलेनासे झाले.

आधी शरीराचं आणि मेंदूचं सांगतो, कारण 'मन कमकुवत आहे', 'भक्ती कमी पडली' असले निष्कर्ष आपण फार लवकर काढतो.

गंभीर आजारात स्नायू भयंकर वेगाने झिजतात. लंडनमध्ये झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात आयसीयूतल्या रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचं माप सोनोग्राफीने घेत गेले. दहा दिवसांत ते सरासरी १७.७ टक्क्यांनी घटलं होतं. दहा दिवसांत! जिन्यात बसणारा माणूस आळशी झालेला नसतो, त्याची मांडीच आतून रिकामी झालेली असते.

मेंदूचं त्याहून कमी लोकांना माहीत आहे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या नॅशव्हिल इथला एक मोठा अभ्यास आला. ८२१ गंभीर रुग्णांपैकी ७४ टक्क्यांना आयसीयूत असताना डिलिरियम झाला, म्हणजे भान सुटणं, दिवसरात्रीचा घोळ, नसलेलं दिसणं आणि ऐकू येणं. तीन महिन्यांनी स्मरण, एकाग्रता, विचार यांच्या चाचण्या घेतल्या तेव्हा ४० टक्के लोकांचे गुण डोक्याला मध्यम स्वरूपाची इजा झालेल्या माणसाइतके खाली होते, आणि २६ टक्क्यांचे सौम्य अल्झायमर असलेल्या माणसाइतके. हे फक्त म्हाताऱ्यांचं नाही, तरुणांतही होतं. वर्षभरानंतरही बऱ्याच जणांची अवस्था फारशी सुधारलेली नव्हती. डिलिरियम जितका लांबला तितका पुढचा त्रास जास्त, असंही त्यात दिसलं.

अशक्तपणा, स्मरणाचा आणि एकाग्रतेचा त्रास, भीती आणि उदासी, हे तिन्ही मिळून डॉक्टरांनी त्याला नाव दिलंय : पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम. हे नाव रुळलं २०१२ च्या सुमारास. त्यात घरच्यांसाठी वेगळी नोंद आहे, कारण बाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसालाही हा आजार होतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

तर मामांचं नाम कोणी काढून घेतलं नव्हतं. आजारपणाने मेंदूवर घाव घातला होता.

इथे काही जण म्हणतील की हे सगळं शरीराचं झालं, आत्म्याला काय होतंय? बरोबर आहे. पण गीतेचा तेरावा अध्याय जरा सावकाश वाचा. क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ असा भेद सांगताना भगवान क्षेत्रात काय काय येतं त्याची यादी देतात. महाभूतं, इंद्रियं, बुद्धी, इच्छा, द्वेष, सुख, दुःख हे आपल्याला अपेक्षित असतं. पण त्याच यादीत चेतना आहे आणि धृतीही आहे. धृती म्हणजे धीर! आपण ज्याला 'आतली ताकद' म्हणतो, जिच्यावरून माणसाची श्रद्धा मोजतो, ती भगवंताने क्षेत्रात टाकली आहे, शेतात. पुराने शेताची माती वाहून गेली तर आपण शेतकऱ्याच्या चारित्र्यावर शंका घेत नाही. बांध घालायला जातो, बियाणं देतो, पुढच्या हंगामाची वाट बघतो. मग धीर वाहून गेलेल्या माणसाला 'श्रद्धा ठेव' एवढंच सांगून आपण चपला का घालतो?

मला यात एक नैतिक प्रश्न दिसतो, आणि तो सोपा नाही. वाचलेल्या माणसाने कृतज्ञ असायला हवं का? माझं उत्तर, असला तर छान. पण त्याच्याकडून ती वसूल करण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? कृपा झाली असं आपण म्हणतो. ज्याच्या बदल्यात हसतमुख राहायचा हप्ता भरावा लागतो त्याला कर्ज म्हणतात. आणि खरं सांगायचं तर 'देवाने वाचवलं ना' हे वाक्य बहुतेक वेळा आपल्या सोयीचं असतं. ते बोललं की विषय संपतो आणि आपली जबाबदारीही संपते. देवाचं नाव घेऊन आपण ड्युटीवरून उतरतो.

माझ्या कामात हे रोज बघतो. रात्री तीनला सिस्टिम बंद पडली की कॉलवर वीस जण हजर. मोठे साहेबही पायजम्यात. चालू झाली की सगळे एकमेकांना शाबासकी देऊन झोपतात. नंतरचं जे किचकट काम असतं, डेटा तपासणं, तुटलेलं एकेक जोडणं, त्याच्या तिकिटाला महिनोन्‌महिने कोणी हात लावत नाही. संकटात धावणं माणसाला आवडतं, कारण त्यात आपण उपयोगी आहोत हे लगेच दिसतं. मशीनचं एक वेळ ठीक आहे.

आता कृष्णाने काय केलं ते बघू. अर्जुन 'विसरलो' म्हणाला. कृष्णाने आधी त्याला मिठी मारली. मूळ कथेत हा क्रम आहे. मग रागावला. एवढं गूढ ज्ञान सांगितलं आणि तू ते धरून ठेवलं नाहीस, हे मला आवडलेलं नाही, असं स्पष्ट बोलला. तेव्हा मी योगयुक्त होतो, ते सगळं तसंच्या तसं पुन्हा सांगणं आता मलाही शक्य नाही, असंही म्हणाला. आणि तरीही सांगायला बसला. दुसऱ्या वाटेने, जुन्या गोष्टींच्या आधाराने. भगवंत रागावला म्हणून आपणही रागवायला मोकळे, असं कोणी समजू नये. आधी मिठी मारायची आणि नंतर अख्खी अनुगीता सांगत बसायचं, एवढी तयारी असेल तरच रागवावं.

त्याच्या आदल्या अध्यायात तर आणखी सुंदर गोष्ट आहे. युद्धानंतर कृष्ण आणि अर्जुन डोंगर, वनं, तीर्थं असे हिंडत होते, आणि मुलाच्या, हजारो आप्तांच्या शोकाने पोळलेल्या अर्जुनाला कृष्ण गोष्टी सांगून शांत करत होता. त्यात युद्धाच्या गोष्टीही होत्या. 'ते दिवस आठवू नकोस' असं त्याने म्हटलेलं नाही.

एकूण महाभारतच बघा ना. अठरा पर्वांपैकी आठ पर्वं युद्ध संपल्यानंतरची आहेत. सगळ्यात मोठं पर्व कोणतं? शांतिपर्व. जिंकलेला धर्मराज म्हणतो मला राज्य नको, मी वनात जातो, आणि मग भाऊ, द्रौपदी, व्यास, कृष्ण, भीष्म असे सगळे त्याला धरून बसतात. त्याला कोणी 'जिंकलास ना, मग रडतोस काय' एवढ्यावर सोडलेलं नाही. व्यासांना माहीत होतं की निभावून आलेल्या माणसाला युद्धापेक्षा जास्त पानं लागतात.

आपल्याकडे दुसरा अध्याय मात्र फार लवकर काढला जातो. शहाणे शोक करत नाहीत, वगैरे. तो उपदेश खराच आहे. पण तो कोणी केला? जो त्याच रथावर बसला होता, घोड्यांचे लगाम हातात धरून, आणि अठरा दिवस साथ सोडली नाही. रथाखालून जाता जाता तेच वाक्य म्हणणाऱ्याने थोडं थांबायला हवं.

मामांच्या घरी पुढे काय झालं ते सांगतो. मामांच्या डोक्यात एक गोष्ट अडकली होती : पलंगाखाली पाणी चढतंय, आपले हात बांधलेत, आणि दोन माणसं आपल्याला विकायचा भाव ठरवतायत. ते कोणाला सांगायची लाज वाटायची. वेड लागलं म्हणतील. एक दिवस मामींना विचारलं, 'मला तिथे बांधलं होतं का गं?' मामी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, 'हो. हात मऊ पट्टीने पलंगाला बांधले होते. तुम्ही नळी ओढत होतात.'

आणि मग त्यांनी कपाटातून वही काढली. खर्चाची वही होती ती. इंजेक्शन, टेस्ट, डिपॉझिट, रिक्षा, जावयाकडून घेतलेले पैसे. पण आकड्यांच्या मध्ये मध्ये मामींनी लिहिलं होतं : आज ताप उतरला. आज डोळे उघडले पण ओळखलं नाही. आज डायलिसिस नको म्हणाले. आज पाऊस, पत्र्यावर खूप आवाज. पाऊस वाचल्यावर मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. पलंगाखालचं पाणी कुठून आलं असेल ते त्यांना कळलं होतं, आणि कदाचित भाव ठरवणारी माणसंही. बिलाबद्दल पलंगाशेजारी बोललेलं कोणाचं तरी त्यांच्या कानावर पडलं असेल.

हे मी नंतर वाचलं की युरोपात अशी वही मुद्दाम ठेवतात. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क इथल्या परिचारिकांनी १९८० च्या दशकात ही पद्धत सुरू केली. रुग्ण बेशुद्ध असताना रोज काय झालं ते साध्या भाषेत त्याच्यासाठी लिहायचं, घरच्यांनीही लिहायचं, आणि बरा झाल्यावर वही त्याच्या हातात द्यायची. २०१० साली सहा देशांतल्या १२ आयसीयूंमधल्या ३५२ रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यात वही मिळालेल्यांपैकी ५ टक्क्यांना पीटीएसडी म्हणजे आघातानंतरचा मानसिक आजार नव्याने झाला, आणि वही न मिळालेल्यांत १३ टक्क्यांना. लगेच खूश होऊ नका. २०१९ साली फ्रान्समधल्या ३५ आयसीयूंमध्ये झालेल्या अभ्यासात मात्र असा ठळक फरक दिसला नाही. त्यामुळे वही म्हणजे रामबाण उपाय असं मी म्हणणार नाही. पण ज्याच्या आयुष्यातले दहा-पंधरा दिवस कोरे झालेत, त्याने 'मला काय झालं होतं' विचारलं तर खरं सांगणारं कोणीतरी असावं, यासाठी मला टक्केवारी लागत नाही. त्याने विचारल्यावरच सांगायचं मात्र. अर्जुनाने विचारलं होतं.

आता मामींबद्दल. त्यांच्याबद्दल कोणी विचारलंच नाही. आयसीयूच्या दाराबाहेर रात्री दोन वाजता ज्या बाईने फाईलवर सही केली, 'नळी घालावी लागेल, जोखीम आहे' हे एकटीने ऐकलं, तिला घरी आल्यावर मायक्रोवेव्हची शिटी वाजली तरी छातीत धस्स व्हायचं. मामा झोपले की त्यांचा श्वास चालू आहे का हे बघायला ती रात्रीतून चार वेळा उठायची. दिवसा पथ्याचं जेवण, औषधं, व्यायाम, क्लेमचे कागद. आणि वरून 'तुमच्या पुण्याईने वाचले हो' हे ऐकायचं. म्हणजे वाचले नसते तर? पुण्याई कमी पडली असती? असलं काही बोलताना आपण जिभेवर थोडा ताबा ठेवायला हवा.

२००५ साली फ्रान्समध्ये आयसीयूतल्या रुग्णांच्या नातेवाइकांची ९० दिवसांनी पाहणी झाली. सुमारे एक तृतीयांश लोकांमध्ये पीटीएसडीची लक्षणं होती. ज्यांना माहिती अपुरी मिळाली असं वाटत होतं आणि ज्यांना निर्णयात भाग घ्यावा लागला होता, त्यांच्यात तर जवळजवळ निम्म्या लोकांमध्ये. आपल्याकडे निर्णयात पैशाचा प्रश्नही येतो. आणखी दोन दिवस ठेवायचं का, हे विचारताना बायको किंवा मुलगा मनात एफडी मोजत असतो, आणि तसं मोजल्याची बोच पुढे कित्येक वर्षं जात नाही. रुग्ण दगावला तर विचारूच नका. 'मी सही केली' किंवा 'मी नको म्हणालो', दोन्ही बाजूंनी ते टोचतंच. स्त्रीपर्वात धृतराष्ट्राला विदुर समजावतो, व्यास समजावतात, तरी त्याचा क्रोध भीमाच्या लोखंडी पुतळ्याचा चुरा करूनच थांबतो. कृष्णाने तो पुतळा पुढे केला नसता तर भीम गेला असता. शोकाला कुठेतरी चुरा करायला काहीतरी लागतं, हे कृष्णाने आधीच ओळखून ठेवलं होतं. अशा घरात कोणी तुमच्यावर विनाकारण खेकसलं, तर पुतळा व्हायची तयारी ठेवा. मनावर घेऊ नका.

आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात घोळतेय. माणूस गेला तर आपल्या परंपरेने घरच्यांकडे कधी जायचं याचं कॅलेंडरच दिलंय. दहावा, तेरावा, मासिक, वर्षश्राद्ध. इच्छा असो वा नसो, लोक येतात, घर पुन्हा भरतं. माणूस वाचला तर? पेढे, एक सत्यनारायण, बस. पुढचं काही ठरलेलंच नाही.

पण आपण 'दुसरा जन्म' म्हणतो ना? मग जन्माचं तरी कॅलेंडर पाळूया. बाळंतिणीला आपण सव्वा महिना जपतो. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेल लावून अंघोळ, कानाला फडकं, पाहुणे आले तरी थोडा वेळ. 'बाळ झालं ना सुखरूप, मग आता का रडतेस' असं शहाणी आजी तिला म्हणत नाही. ती रडते तेव्हा पाठीवरून हात फिरवते, कारण शरीरातून एवढं मोठं काही जाऊन आलंय हे तिला माहीत असतं. आणि बाळाला तर कोणी 'चाल, बोल, स्तोत्र म्हण' सांगतच नाही. आयसीयूतून आलेला माणूस एकाच वेळी बाळंतीणही असतो आणि बाळही. त्याचा सव्वा महिना मात्र सहा महिन्यांचा, कधी वर्षाचा, कधी त्याहून जास्त.

प्रत्यक्षात काय करायचं? ग्रुपवर आधी धावणारे वीस जण असतील तर दोन-तीन जणांनी मुद्दाम मागे राहायचं, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यासाठी. दवाखान्यात तुमच्याशिवाय अडणार नाही, घरी अडेल. आठवड्यातून एक दिवस सोबत फिरायला जा, त्याच्या चालीने. फिजिओथेरपीला एकट्याला पाठवू नका. बँकेची, क्लेमची कामं स्वतः करून टाकण्यापेक्षा शेजारी बसून त्याच्याकडून करून घ्या, वेळ लागला तरी. घरची जी सांभाळणारी व्यक्ती आहे तिला एक दुपार झोपू द्या, आणि 'त्यांची तब्येत कशी' विचारायच्या आधी 'तुम्ही जेवलात का' विचारा. पुढच्या तपासणीला जाताना झोप, विसरभोळेपणा, भीती हे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या असतात, याबद्दल बहुतेक वेळा एक ओळही नसते, म्हणून आपणच विचारायचं. 'जगून काय उपयोग' अशी भाषा आली तर ती वैराग्याची समजून कौतुक करू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. नामस्मरण चालू राहू दे, पण ते गोळीच्या जागी नाही, गोळीबरोबर.

आणि त्याच्या भक्तीचा हिशेब घेऊ नका. पूजा सुटली असेल, रामरक्षा अर्धवट राहत असेल, देवावर राग असेल. असू दे. मामांच्या घरी आता मामी आणि शेजारचे एक काका संध्याकाळी हरिपाठ म्हणतात. मामा नुसते टाळ धरून बसतात. जिथे शब्द येतात तिथे म्हणतात, जिथे हरवतात तिथे काका आवाज थोडा चढवून पुढे नेतात. आपल्याकडे अभंग एकट्याने म्हणायचा नियम कधीच नव्हता. चाल धरणारे मागे असतातच.

गाडगेबाबांचं एक काम मला या संदर्भात फार मोठं वाटतं. बाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक अशा तीर्थांच्या ठिकाणी धर्मशाळा बांधल्या हे सगळ्यांना माहीत असतं. पण मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळही त्यांनी धर्मशाळा उभी केली, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. दवाखान्याबाहेर फुटपाथवर चूल मांडून बसलेली माणसं त्यांना यात्रेकरूंसारखीच दिसली असणार. स्वतः विठ्ठलाच्या देवळात न जाणारा हा माणूस आयसीयूच्या दाराबाहेर नक्की थांबला असता, आणि मामींना पहिला प्रश्न भाकरीचा विचारला असता.

तुमच्या ओळखीत गेल्या सहा महिन्यांत कोणी आयसीयूतून परत आलं असेल तर आज फोन करा. 'आता बरे ना?' असं विचारू नका, त्याचं उत्तर 'हो' असंच द्यावं लागतं. 'रात्री झोप लागते का?' असं विचारा, आणि मग पाच मिनिटं ऐका.

उद्या अनुगीतेतली पहिली गोष्ट, काश्यप आणि सिद्ध ब्राह्मणाचा संवाद. थोडा लांब आहे, दोन दिवस लागतील.

राम कृष्ण हरी.